नाही म्हणणारा काउंटर

लहान मुलाने खेळण्यासाठी धरलेला हट्ट सगळ्यात महागात कोणाला पडला असेल? माझं मत चारुदत्ताला. 'मृच्छकटिक' नाटकाचा नायक. नाटकाचं नाव ज्या मातीच्या गाडीवरून पडलंय ती गाडी त्याच्या पोराची, रोहसेनाची. (आमच्या पिढीला हे कथानक माहीत असलंच तर गिरीश कार्नाडांच्या १९८४ सालच्या 'उत्सव'मुळे, आणि 'उत्सव' माहीत असलाच तर रेखामुळे. असो.)

तर झालं असं, की शेजारच्या श्रीमंत घरातली सोन्याची गाडी रोहसेन थोडा वेळ खेळला. मग ज्याची होती तो ती घेऊन गेला. घरच्या रदनिका दासीने पोराला मातीची गाडी करून दिली. पण एकदा सोन्याची गाडी हातात धरलेल्या पोराला मातीची कशी चालणार? भोकाड पसरलं. त्या वेळी घरात असलेल्या वसंतसेनेला ते बघवेना. तिने अंगावरचे दागिने उतरवले, त्या मातीच्या गाडीत भरले आणि पोराला सांगितलं, याची सोन्याची गाडी करून घे. झालं! पुढे हेच दागिने भर न्यायालयात चारुदत्ताच्या मित्राच्या काखेतून खाली पडतात, वसंतसेनेच्या खुनाचा पुरावा ठरतात आणि चारुदत्ताला मृत्युदंड होतो. ती मुळात मेलेलीच नसते आणि ऐनवेळी वधस्थानी पोचते म्हणून बिचारा वाचतो.

दुसरं उदाहरण महाभारतातलं, लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेलं. अश्वत्थाम्याला दूध हवं होतं, घरात गाय नव्हती. बाकीच्या पोरांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिलं आणि तो दूध प्यायलो म्हणून नाचायला लागला. पोरं हसली. द्रोणाला ते सहन झालं नाही, तो जुना मित्र म्हणून द्रुपदाकडे गेला, तिथे अपमान झाला..... पुढचं सांगायला नकोच.

या दोन्ही गोष्टी परत वाचताना मला एक जाणवलं. यात पोराला 'नाही' कोणीच म्हणत नाही. चारुदत्त म्हणत नाही, द्रोणही म्हणत नाही. 'नाही' म्हणते ती गरिबी. बापाला फक्त वाईट वाटतं. म्हणजे परवडत असूनही नाही म्हणायचं, रोज म्हणायचं, आणि तेही वस्तू पोराच्या हाताला लागलेली असताना, हा प्रकार आपल्या जुन्या गोष्टींमध्ये शोधून सापडत नाही. तो नवा आहे. किती नवा, कुठून आला आणि आमच्या डोक्यावर कसा येऊन बसला, हे शोधण्यात माझे गेले तीन वीकेंड गेले. कारण विचाराल तर घरात अडीच वर्षांचं कन्यारत्न आहे. ते पुढे येईलच.

आधी माझ्या लहानपणीचं सांगतो, म्हणजे साधारण २००२-०३ सालचं. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर रस्त्याच्या कडेला एक पायरी, पायरीवर लाकडी काउंटर, काउंटरच्या मागे शेठ आणि शेठच्या मागे सगळं जग. गिऱ्हाईक बाहेर, माल आत. आई यादी द्यायची. शेठ ती मोठ्याने वाचायचा, आतला पोऱ्या एकेक पुडा आणून टाकायचा, शेठ पेन्सिलीने आकडे मांडायचा. मी काउंटरच्या खाली. मला दिसायची ती काउंटरची फळी आणि आईची पिशवी. काचेच्या बरण्यांमधल्या गोळ्या दिसायच्या, पण बरणीला झाकण आणि झाकणावर शेठचा हात. सामान झालं की शेठ स्वतःहून एक लिमलेटची गोळी द्यायचा. ती मागायची नसते, मिळते, हे कोणी न शिकवता मला ठाऊक होतं. खेळणी? असतीलही एखाद-दोन, वर छताला टांगलेली, धूळ खात. एवढ्या वर बघितलं की मान दुखायची.

खेळणी मिळायची जत्रेत. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत पिपाण्या, भिंगऱ्या, काठीला लावलेलं पंख फडफडवत जाणारं पत्र्याचं फुलपाखरू, सगळं जमिनीवर चादर पसरून मांडलेलं, म्हणजे बरोब्बर माझ्या उंचीवर! तिथे मी हट्ट करायचो आणि तिथे तो ग्राह्यही धरला जायचा. पण यात्रा वर्षातून एकदा. उरलेले दिवस ते काउंटर आईबाबांच्या वतीने नाही म्हणत उभं असायचं. त्यांना त्यासाठी तोंड उघडायला लागत नव्हतं.

बायकोच्या माहेरी, डोंबिवलीत, तर याच्याही पुढची पायरी होती. मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ साली सुरू झालेली चळवळ. दहा-पंधरा घरांचा संघ करायचा, महिन्याची मागणी आधी छापील यादीवर भरून द्यायची, माल एकत्र येतो, तो आपापसात वाटून घ्यायचा. भेसळ आणि दलाली टाळायला काढलेली ही युक्ती. पण बायकोचं म्हणणं, "आमच्याकडे दुकानच नव्हतं, हट्ट करणार कुठे? पोहे आणि साबुदाण्याच्या पिशव्यांसमोर?"

आता हे काउंटर गेलं कुठे? तारीख सांगता येते. सप्टेंबर १९१६, अमेरिकेतलं मेम्फिस शहर. क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' या भन्नाट नावाचं किराणा दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन सांगितलं, आत जा आणि काय हवं ते स्वतः घे. त्याआधी तिकडेही आपल्यासारखंच होतं, यादी द्या, नोकर काढून देईल. साँडर्सने नोकरांचा पगार वाचवला आणि माल स्वस्त केला. त्याला या कल्पनेचं पेटंट १९१७ साली मिळालं. पेटंट ही आम्हा इंजिनीअर लोकांची आवडती करमणूक असल्याने मी त्याचं चित्र काढून बघितलं. आत जायला एक फिरतं दार, बाहेर पडायला दुसरं, आणि मधली वाट नागमोडी, अशी की मिठाची पुडी घ्यायची असली तरी सगळ्या फळ्यांसमोरून गेल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आज मोठ्या दुकानांमध्ये आपल्याला जे वाटतं ना, की साली बाहेरची वाट सापडत का नाही..... ते फीचर आहे, बग नव्हे. शंभर वर्षं जुनं फीचर.

आमच्या भाषेत सांगायचं तर व्हॅलिडेशन सर्व्हरवरून काढून क्लायंटवर टाकलं. पूर्वी मधला माणूस ठरवायचा काय बाहेर येईल ते. आता गिऱ्हाइकाने स्वतःला आवरायचं. मोठ्या माणसाला ते जेमतेम जमतं. (मला तर जमत नाही, वेफर्सच्या रांगेत विचारा.) पण त्या नागमोडी वाटेवर आईचं बोट धरून एक लहान मूलही चालायला लागलं होतं, आणि फळ्या जमिनीपासून सुरू होत होत्या.

पुढचा टप्पा १९३७, ओक्लाहोमा सिटी. सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की बाई खरेदी थांबवते. घडीच्या खुर्चीवरून त्याला कल्पना सुचली आणि त्याने चाकांची ढकलगाडी केली. कोणी वापरेना! पुरुषांना कमीपणा वाटायचा. आणि बायकांची तक्रार तर फारच मासलेवाईक, की आयुष्यभर बाबागाड्या ढकलल्या, आता इथेही ढकलायची? शेवटी गोल्डमनने पगारी माणसं ठेवून त्यांना दुकानभर गाड्या ढकलत फिरवलं, तेव्हा कुठे लोक वापरायला लागले. आणि नंतर काय झालं? त्याच गाडीत पोराला बसवायची जागा आली. म्हणजे बायकांनी ज्या बाबागाडीला नाक मुरडलं होतं तीच दुकानाची गाडी झाली. पोर बसलेलं, हात मोकळे, दोन्ही बाजूंनी माल हळूहळू सरकतोय. याहून चांगलं आसन नाटकाच्या थिएटरातही मिळत नाही.

मूल दुकानात आणलं तर आई जास्त थांबते, हे मात्र अमेरिकेच्या आधी पॅरिसवाल्यांना कळलं होतं. तिथलं 'बाँ मार्शे' हे भलंमोठं दुकान एकोणिसाव्या शतकातच पोरांना फुगे आणि रंगीत चित्रं फुकट वाटायचं. एमिल झोलाने १८८३ साली अशाच एका दुकानावर कादंबरी लिहिली. त्यातला मालक दुकानाचं नाव छापलेले फुगे वाटतो, म्हणजे पोरं गावभर जाहिरात करत फिरतील! आईला जिंकायचं तर पोरामार्फत, हे त्याचं पक्कं गणित. आमच्या शेठची लिमलेटची गोळी याच जातीची होती का? असेल. पण शेठ ती सामान बांधून झाल्यावर द्यायचा, हा फरक मला बारीक वाटत नाही.

इथपर्यंत मूल दुकानात पोचलं, वस्तू हाताशी आली. पण कोणती वस्तू हवी ते मुलाला घरूनच ठाऊक असणं, हे टीव्हीने केलं. १९५२ साली अमेरिकेत 'मिस्टर पोटॅटो हेड' नावाच्या खेळण्याची जाहिरात टीव्हीवर आली. टीव्हीवर जाहिरात झालेलं हे पहिलं खेळणं. खेळणं काय होतं? नाक, डोळे, कान, टोपी. बटाटा आपल्या घरचा! (प्लास्टिकचा बटाटा नंतर आला.) जाहिरात आईबापांशी नव्हे, थेट मुलांशी बोलत होती. पहिल्याच वर्षात दहा लाखांवर खपलं. मग १९५५ मध्ये मॅटेल कंपनीने डिस्नेच्या 'मिकी माऊस क्लब'मध्ये वर्षभर जाहिराती द्यायचं ठरवलं. त्याआधी खेळण्यांची जाहिरात व्हायची ती मुख्यतः नाताळच्या तोंडावर. म्हणजे त्यांचीही एक जत्राच होती, वर्षातून एकदा येणारी. मॅटेलने ती बारमाही केली. माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हा बदल मोठा आहे. हट्टाला हंगाम होता, तो गेला.

याच्याविरुद्ध कोणी काही केलं नाही असं नाही. १९७८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, मायकेल पर्चक अध्यक्ष असताना, प्रस्ताव मांडला की ज्या वयाच्या मुलांना जाहिरात म्हणजे काय हेच कळत नाही त्यांच्यासाठीच्या टीव्हीवरच्या जाहिरातींवर बंदी आणा. युक्तिवाद साधा होता. तीन वर्षांच्या मुलाला कार्टून संपून जाहिरात कुठे सुरू झाली ते कळत नाही. समोरचा आपल्याला काहीतरी विकतोय हे ज्याला कळत नाही त्याला विकणं ही फसवणूक आहे. यावर खेळणीवाले, साखरवाले, सीरियलवाले आणि टीव्हीवाले सगळे तुटून पडले. पण मला सगळ्यात रंजक वाटला तो 'वॉशिंग्टन पोस्ट'चा अग्रलेख. त्याने कमिशनला राष्ट्राची आया म्हणून हिणवलं. त्याचा रोख असा, की हा प्रस्ताव मुलांना जाहिरातींपासून वाचवण्यासाठी नाहीच, तो आईबापांना मुलांच्या रडण्यापासून आणि स्वतःच्या दुबळेपणापासून वाचवण्यासाठी आहे. म्हणजे थोडक्यात काय, तर नाही म्हणा की हो, सरकार कशाला हवं!

हा अग्रलेख त्या प्रस्तावाला फार लागला. १९८० मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून कमिशनचे या बाबतीतले अधिकारच छाटले. मधे पैसे मंजूर न झाल्याने कमिशनला टाळं लावायचीही वेळ आली होती. १९८१ साली प्रस्ताव गुंडाळला गेला. गुंडाळताना कमिशनच्याच अहवालाने मान्य केलं की लहान मुलांना जाहिरातीचा हेतू कळत नाही ही काळजी खरी आहे, पण करता येण्यासारखा उपाय दिसत नाही.

मी या अग्रलेखावर बराच विचार केला, कारण पहिल्यांदा वाचताना तो मला पटला होता. आपलं पोर, आपण नाही म्हणावं. पण मग त्या लढाईत समोर कोण आहे ते बघा. अमेरिकेत १९९८ मध्ये एका जाहिरात कंपनीने आणि एका संशोधन संस्थेने मिळून 'नॅग फॅक्टर' नावाचा अभ्यास केला. नॅग म्हणजे भुणभुण. पालकांनी भुणभुण कशी थांबवावी यासाठी तो अभ्यास नव्हता. मुलांनी ती जास्त परिणामकारक कशी करावी यासाठी होता! नुसतं 'पाहिजे पाहिजे' करणारी भुणभुण वेगळी, कारण देऊन केलेली वेगळी, कुठले आईबाप कशाला बधतात, सगळी वर्गवारी. २००३ च्या 'द कॉर्पोरेशन' या माहितीपटात त्या अभ्यासातल्या बाई स्वतः हे सांगतात. मुलांनी पिच्छा पुरवला नसता तर २० ते ४० टक्के खरेदी झालीच नसती, असा त्यांचा हिशेब. म्हणजे एका बाजूला पगारी तज्ज्ञ, आणि दुसऱ्या बाजूला शनिवारी संध्याकाळी डाळ-तांदूळ घ्यायला आलेला, आठवडाभर रात्री अकरापर्यंत कॉलवर बसलेला बाप. याला समान संधीची लढत म्हणायचं?

सगळ्या देशांनी हात टेकले असंही नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला १९८० पासून बंदी घातली. एक खेळण्यांची कंपनीच त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी हरली. स्वीडनने १९९१ पासून टीव्हीवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी जाहिराती बंद केल्या. त्याला पळवाट लगेच निघाली, परदेशातून उपग्रहाने येणाऱ्या वाहिन्यांची. १९९७ साली युरोपीय न्यायालयात यावर खटला झाला तो एका मासिकाच्या जाहिरातीवरून. डायनोसॉरचं मासिक, दर अंकाबरोबर प्लास्टिकच्या डायनोसॉरचा एकेक तुकडा. सगळे अंक घ्याल तर डायनोसॉर पुरा. न्यायालय म्हणालं, दुसऱ्या देशातून प्रक्षेपण होत असेल तर तुमची बंदी तिथे चालणार नाही. डायनोसॉर जिंकला.

भारतात हे सगळं एकदम आलं. तिकडे काउंटर जाण्यापासून बारमाही जाहिरातीपर्यंत चाळीस वर्षं लागली. आपल्याकडे १९९१ नंतर आयातीची दारं किलकिली झाली, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, २००१ मध्ये बिग बझार, २००२ मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट. (बिग बझार २०२२ मध्ये संपलंही.) दहा-अकरा वर्षांत दुकानाचा आकार बदलला, घरातला पडदा बदलला आणि बापाचा पगारही बदलला. माझ्या पिढीतली बरीच मुलं यादी घेऊन काउंटरसमोर उभी राहत मोठी झाली आणि आता ढकलगाडी घेऊन हिंडतात. नाही कसं म्हणायचं हे आम्ही घरी बघितलेलंच नाही. कारण घरी ते कोणाला म्हणायला लागत नव्हतं.

आता कन्यारत्नाबद्दल. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीजवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. तूरडाळीच्या समोरच्या मांडणीवर, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, साबणाचे फुगे उडवणारी बंदूक टांगलेली. गुलाबी, खटका दाबला की आत दिवा लागतो, वर गाणं. कन्येची उंची अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. टांगणाऱ्याने नेम धरूनच टांगली असावी. तिने ती ओढून काढली, छातीशी धरली आणि जाहीर केलं, "माझं!" मी म्हटलं, "आज नाही, चिऊ." मग जे व्हायचं ते झालं. फरशीवर लोटांगण, आवाज पार बिलिंगपर्यंत. एक आजी जाता जाता म्हणाल्या, "घेऊन द्या हो, एवढंसं तर आहे." किंमत बघितली, १९९ रुपये. मी बंदूक परत टांगली, पोर उचललं, सामान तसंच बायकोवर सोडून पार्किंगमध्ये गेलो. अकरा मिनिटं रडली. (हो, बघितली मी मिनिटं. सवय.) बाराव्या मिनिटाला एका गाडीखाली मांजर दिसलं आणि विषय संपला.

तिचा संपला. आमचा घरी जाऊन सुरू झाला. बायकोचा प्रश्न असा, "आज नाही म्हणालास, म्हणजे उद्या हो का? कारण काय सांगितलंस तिला?" आणि खरं सांगतो, मला कारण सापडेना. पैसे नाहीत म्हणावं तर ते खोटं. घरात खूप खेळणी आहेत म्हणावं तर ती आम्हीच आणलेली. प्लास्टिक वाईट म्हणावं तर अडीच वर्षांच्या पोरीला प्लास्टिक म्हणजे काय.....

रात्री साताऱ्याला फोन केला, तर बाबांनी आधी मलाच झापलं. "एवढ्याशा पोरीला नाही कसं म्हणवतं रे तुला?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मला कायम म्हणायचात की. पगार झाला की बघू, पगार झाला की बघू." यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "मला सोपं होतं. नव्हतेच पैसे."

मला ते वाक्य लागलं, आणि पटलंही. त्यांच्या नकारात त्यांचा निर्णय नव्हता, म्हणून त्यात अपराधीपणाही नव्हता. (वाईट वाटत असणार, चारुदत्तासारखं. ते त्यांनी दाखवलं नाही.) माझ्या नकारात फक्त निर्णय आहे. त्याला टेकायला काउंटर नाही, महिनाअखेर नाही, शेठ नाही. म्हणून तो डळमळतो, आणि पोरांना डळमळीत नकार बरोबर ओळखू येतो. चार्ल्स ॲटकिन या अभ्यासकाने १९७८ साली सुपरमार्केटमध्ये नाश्त्याच्या सीरियलच्या रांगेत माणसं उभी करून आई-मुलांची बोलणी टिपली होती. त्यात मागणी बहुतेक वेळा मुलाकडूनच सुरू व्हायची आणि मोठी माणसं नकारापेक्षा होकार जास्त वेळा द्यायची. १९७८ मध्ये! तेच वर्ष, ज्या वर्षी तो अग्रलेख सांगत होता की आईबापांनी नाही म्हणावं.

बायकोने यावर उपाय काढलाय तो माझ्या मते इतिहासाला धरून आहे. तिने यादी परत आणली. घरी बसून कागदावर लिहायची, कन्येसमोर, मोठ्याने वाचत. कागद कन्येच्या हातात. तिला अर्थातच वाचता येत नाही, पण दुकानात काही उचललं की आम्ही गंभीरपणे विचारतो, "यादीत आहे का बघ बरं." ती कागद उलटा धरून बघते आणि म्हणते, "नाही." चारपैकी तीन वेळा चालतं. चौथ्या वेळी पार्किंग आहेच.

इंग्लंडात २०१४ मध्ये टेस्को आणि लिडल या मोठ्या दुकानांनी बिलाच्या रांगेतून गोळ्या-चॉकलेटं हलवायची ठरवली, पालकांच्या तक्रारींमुळे. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे तसा नियमच झाला, की मोठ्या दुकानांमध्ये जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ बिलाच्या रांगेत, दाराशी किंवा मांडणीच्या टोकाला ठेवायचे नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी ज्याला आयागिरी म्हणून हसले तेच, फक्त वेगळ्या दाराने. खेळण्यांना हा नियम नाही. आपल्याकडेही जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात एक कलम आहे, की मुलांना अमुक विकत घ्या किंवा आईबाबांना घ्यायला लावा असं थेट सांगणारी जाहिरात चालणार नाही. कलम चांगलंय. पण गुलाबी बंदूक गुडघ्याच्या उंचीवर टांगली तर ती तोंडाने काहीच सांगत नाही.

आणि आता तर दुकानही जायला लागलंय. अमेरिकेत २०१५ साली एका तीन वर्षांच्या मुलाचं, रायनचं, यूट्यूब चॅनल सुरू झालं. तो खेळण्याचा खोका उघडतो, बास. २०१८ मध्ये फोर्ब्सच्या यादीत तो यूट्यूबवर सगळ्यात जास्त कमावणारा होता, २.२ कोटी डॉलर, वय सात! कार्टून कुठे संपलं आणि जाहिरात कुठे सुरू झाली हा १९७८ चा प्रश्न इथे उरतच नाही, कारण जाहिरातीशिवाय दुसरं काही नाहीच. २०१९ मध्ये मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले, तेही याच फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत, म्हणजे म्हाताऱ्या आयेने दात अजून शाबूत आहेत हे दाखवलं. :-)

आमच्या घरी दहा मिनिटांत सामान आणून देणारं ॲप आहे. कन्येला दारावरची बेल आणि खोका यांचा संबंध समजलाय. परवा ती माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, बेल वाजव." यादीचा कागद तिथे कसा चालवायचा यावर घरात विचारविनिमय सुरू आहे.

पुढच्या महिन्यात चार दिवस तळकोकणात जाणं होतंय. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळणी करणाऱ्यांची दुकानं आहेत, तिथे कन्येला घेऊन जायचा बेत आहे, यादीशिवाय. जमलं तर त्या खेळण्यांवर पुढच्या वेळी लिहीन.